डहाणूचं विमान शेपटीवर बसलं

डहाणूला लोक समुद्र बघायला जातात. मी विमान बघायला गेले, आणि तेही वीतभरसुद्धा लांब नसलेलं. त्यामुळे किनाऱ्यावरचा सूर्यास्त वाचायला जे आले असतील त्यांनी इथूनच माघारी फिरलं तरी मी रागावणार नाही. समुद्र मी पाहिला. छान आहे, मोठा आहे.

आधी माझ्या छंदाविषयी सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांची प्लास्टिकची किट मिळतात. खोक्यात एका फ्रेमला चिकटलेले बारीक बारीक भाग असतात. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे, की खऱ्यापेक्षा बहात्तरपट लहान विमान तयार होतं. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर मी भजनी मंडळात जाईन अशी घरच्यांची समजूत होती. मी चिमटा आणि गोंद घेऊन बसले ती अजून उठलेली नाही. जोडून झालं की मी त्या किटचं परीक्षण मराठीतून लिहून इंटरनेटवर टाकते. पंख धडाला नीट भिडतो का, काच फार जाड आहे का, चाकं गोल आहेत की बटाट्यासारखी, असं सगळं. माझी लेखणी तिखट आहे असं काही जण म्हणतात. मी त्याला स्पष्टपणा म्हणते.

डिसेंबरात मला डहाणूहून हरेश्वर चुरी नावाच्या वाचकाचा फोन आला. "ताई, मी स्वतः एक किट बनवलंय. डाय माझ्या हातची आहे. ट्रायलचे पीस निघालेत. तुम्ही इथे या, जोडून बघा आणि असेल ते तोंडावर सांगा. सोमवारी डाय हार्डनिंगला द्यायची आहे."

डाय म्हणजे पोलादी साचा. तो भट्टीत घालून कडक केला की मग त्याला कानस लागत नाही. आत जी चूक राहिली ती कायमची. मला या गृहस्थाचं कौतुक वाटलं, तरी जायला मन धजेना. परक्याच्या घरी राहायचं, त्याच्या हातचं खायचं आणि निघताना सांगायचं की तुमच्या मेहनतीची माती झाली, हे मला जमणारं नव्हतं. पण खोटं लिहिणं त्याहून जमणारं नव्हतं. कंदी पेढ्यांचा पुडा घेतला आणि निघाले.

डहाणू रोड, शुक्रवार

साताऱ्याहून इथवरच्या प्रवासात मी बसले, पेंगले आणि उतरले. स्टेशनाबाहेर चिकूच्या पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या. त्यातली एक समोरच्या गिऱ्हाइकाशी गुजरातीत बोलली, माझ्याशी मराठीत आणि शेजारणीशी तिसऱ्याच कुठल्या भाषेत, तेही एका दमात. आमच्या साताऱ्यात भांडायलासुद्धा एकच भाषा पुरते.

हरेश्वर चुरींना मी कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखायला अडचण आली नाही. पांढऱ्या शर्टाच्या खिशातून एका स्पिटफायर विमानाची शेपटी बाहेर आलेला माणूस स्टेशनवर एकच होता. ओळख पटावी म्हणून त्यांनी ते खिशात घालून आणलं होतं.

"नमस्कार ताई!"

"अहो, त्याची अँटेना मोडेल," मी म्हणाले. आमची ओळख अशी झाली.

वाणगावच्या बाजूची वाडी, शनिवार

चुरींची वाडी वाणगावकडे जाताना आत वळल्यावर आहे. चिकूची झाडं इतकी दाट की दुपारीही खाली सावलीचा ओलावा राहतो. मला झाडं म्हटलं की वड नाहीतर आंबा आठवतो, मोकळा, ऐसपैस. इथे झाडं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी असल्यासारखी. हवेला पिकल्या चिकूचा गोड वास होता, आणि वाडीच्या टोकाला असलेल्या शेडमधून तापलेल्या तेलाचा वास त्यात मिसळत होता.

ही शेड पूर्वी चिकू निवडायची जागा होती. चुरी उंबरगावकडच्या एका कारखान्यात डाय बनवायचे. ते काम सुटल्यावर त्यांनी लेथ आणि ड्रिल शेडमध्ये आणून बसवलं, आणि चिकूच्या रिकाम्या पेट्या बाहेर आल्या. अंगणात प्लास्टिकच्या कापडाखाली त्यांची एक उंच थप्पी होती. मी दोनदा तिला धडकले.

"ती थप्पी तशीच राहणार आहे, सोमवारपर्यंत," जयश्रीवहिनी म्हणाल्या. वहिनी म्हणजे चुरींच्या पत्नी. वाडी, मजूर, बाजार, सगळं त्यांच्या हातात. सकाळी त्या उकडहंडी करत होत्या, म्हणजे कंद, वाल आणि शेंगा मडक्यात घालून वाफेवर शिजवलेली भाजी. मी वालाचे दाणे सोलायला बसले, तेव्हा त्यांनी हळू आवाजात सगळं सांगून टाकलं.

"आमचं ठरलंय ताई. तुम्ही नको म्हणालात तर शेड परत चिकूला. डाय भंगारात. हे कबूल झालेत."

"आणि मी हो म्हणाले तर?"

"तर पेट्यांना दुसरी जागा बघीन." त्यांनी मडक्याचं तोंड पानांनी दाबून बंद केलं. "पण तुम्ही पाहुण्या म्हणून बरं बरं म्हणू नका. येणारा प्रत्येक जण म्हणतो, वा हरेश्वर, काय काम केलंस! मग हे आणखी सहा महिने शेडमध्ये. मला एकदा खरं ऐकायचंय. मग ते काहीही असो."

वालाचे दाणे सोलता सोलता माझ्या लक्षात आलं की परीक्षण मी इंटरनेटवर लिहिणार असले तरी ते द्यायचंय या बाईला.

आम्ही शेडमध्ये बसलो. चुरींनी फ्रेम काढल्या आणि मी खुर्ची पुढे ओढली. एअराकोब्रा! हे विमान फार कमी कंपन्या करतात. याचं इंजिन वैमानिकाच्या पाठीमागे असतं, आणि आत शिरायला मोटारीसारखं दार.

"दार बघून प्रेमात पडलो," चुरी म्हणाले. "बाकीच्या विमानात घोड्यावर बसल्यासारखं चढावं लागतं. इथे दार उघडा आणि बसा."

भाग सुरेख होते. कडा धारदार, जोड मिळते. मी सुखावून कापायला सुरुवात केली आणि लगेच आमचं वाजलं. पंखावरच्या रिबिटांवरून, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या बारीक डोक्यांवरून. मी म्हटलं, बहात्तरपट लहान केल्यावर रिबिट दिसायलाच नको, तुमची तर पुरळ उठल्यासारखी दिसतायत. ते म्हणाले, रिबिट नसलेला पंख म्हणजे पापड. मी धडाचे दोन अर्धे चिकटवत भांडत होते, ते पंख घासत भांडत होते. जेवायला बोलावणं आलं तेव्हा आम्ही एअराकोब्रा उडवणाऱ्या सोव्हिएत दलाच्या हिरव्या रंगापर्यंत पोचलो होतो. उकडहंडी, तांदळाची भाकरी आणि तळलेले ताजे बोंबील खातानाही ते चालूच होतं. बोंबील एवढे मऊ असतात हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे ते सुकून, वास घेऊन येतात.

दुपारनंतर चाकं बसवली. गोंद सुकला. वहिनींना हाक मारली. चुरींनी विमान टेबलावर ठेवलं आणि हात काढला.

विमानानं नाक वर केलं आणि शेपटीवर बसलं.

"छान बसलंय की," वहिनी म्हणाल्या. "तुमची सगळी अशीच बसतात."

त्यांचं खरं होतं. मागच्या फळीवर चुरींची सगळी विमानं नाक वर करून, शेपटीवर रेलून उभी होती. त्या काळच्या बहुतेक लढाऊ विमानांना तिसरं चाक शेपटीखाली असतं. पण एअराकोब्राचं तिसरं चाक नाकाखाली आहे. तिन्ही चाकांवर ते आडवं, सरळ उभं राहायला हवं. प्लास्टिक पोकळ आणि हलकं, त्यामुळे अशा विमानाच्या नाकात चिकटवण्याआधी वजन भरायचं असतं. हे हा छंद नुकता लागलेल्या माणसालाही ठाऊक असतं. आणि आम्ही दोघं, इतक्या वर्षांचे मुरलेले, रिबिटांवर भांडता भांडता नाक बंद करून मोकळे झालो होतो.

चुरींनी मान खाली घातली. मला हसूच आवरेना. मग हसू मावळलं, कारण त्यांनी दुसऱ्या फ्रेममधलं नाक उघडं करून दाखवलं. आत तोफ आणि पुढच्या चाकाचा खड्डा त्यांनी इतक्या हौसेनं कोरला होता की सलग मोकळी जागा वाटाण्याएवढीही नव्हती. आम्ही जोडलेल्या विमानाच्या नाकाला बाहेरून दोऱ्यानं लोखंडी नट बांधून पाहिले. ते सरळ उभं राहिलं तेव्हा नाकावर लोंबणारा गुच्छ नाकाएवढाच झाला होता. तेवढं आत मावणं शक्य नव्हतं.

आता प्रश्न असा होता. पंखांखालची दोन मोठी चाकं फार पुढे बसली असतील, तर साचाच चुकला, नाकात काहीही भरलं तरी उपयोग नाही. चाकं बरोबर असतील, तर लोखंडापेक्षा जड काहीतरी, म्हणजे शिसं, त्या छोट्या जागेत पुरलं पाहिजे. मोजून बघावं तर माझ्याकडचा आराखडा एक सांगत होता आणि त्यांच्याकडचा दुसरं.

"शिसं भरून बघितल्याशिवाय कळणार नाही," मी म्हणाले.

"आणि नाही राहिलं उभं तर?"

वहिनी दारात उभ्या होत्या. पेट्यांवरचं कापड वाऱ्यानं सुटलं होतं, ते त्यांनी नीट खोचलं आणि त्या गेल्या. त्या संध्याकाळी मी चहासुद्धा अपराधी चेहऱ्यानं प्यायले.

झरी, रविवार

भाग ओतायचं मशीन तलासरी तालुक्यात झरीला आहे. चुरींचा भागीदार रमण ते चालवतो. पूर्वी दोघं एकाच कारखान्यात होते. रविवारी ताजे पीस काढायचे, शिसं मिळवायचं आणि तिथेच जोडून निकाल लावायचा असं ठरलं.

डाय बरोबर घेऊन चुरींच्या टेम्पोतून निघालो. किनाऱ्याची हिरवाई मागे पडली आणि भात कापलेली कोरडी शेतं, ताडाची झाडं आणि मध्येच लाल मातीची घरं सुरू झाली. तलासरीला एका गॅरेजमध्ये थांबलो. मोटारीच्या चाकाला लावायची वजनं शिशाची असतात, ती मागायची होती.

"शिशाची गेली शेठ," गॅरेजवाला म्हणाला. "हल्ली लोखंडाचीच येतात." त्यानं एक मूठभर काढून दाखवली. चुरींनी मुकाट्यानं ती परत दिली.

झरीला रमणच्या घराला लागूनच मशीनची शेड आहे. घराची पुढची जमीन शेणानं सारवलेली, इतकी स्वच्छ की चपला काढाव्याशा वाटल्या. ओसरीवर रमणचे वडील बसले होते. त्यांना सगळे बाबाच म्हणतात. मी गेल्या गेल्या त्यांनी मला पाणी दिलं आणि विचारलं, "ईमान उडल का?"

"नाही बाबा. आम्हाला नुसतं उभं राहिलं तरी पुरे."

"मंग काय त्याचा उपेग!" असं म्हणून ते मोठ्यानं हसले, आणि कालपासून पहिल्यांदाच चुरीही हसले.

रमणनं मशीन तापवलं. साचा मिटतो, उघडतो, आणि वाफाळणारी करडी फ्रेम बाहेर पडते. मी आजवर खोकी उघडत आले होते. खोक्यात ते कसं जातं हे पहिल्यांदा बघितलं. गरम फ्रेम मी हातात घेतली आणि चटका बसला, तरी सोडवेना.

जेवायला रमणच्या घरी नागलीची भाकरी आणि जवळ्याची चटणी होती. नागली आमच्याकडेही होते, पण आम्ही तिला नाचणी म्हणतो आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर खातो. इथे ती गरम गरम, जाडसर, चवीनं खाण्याची गोष्ट आहे. मी दुसरी मागून घेतली. हात धुवायला उठले आणि कुडाला लटकलेल्या जाळ्यापाशी थबकले.

हातानं फेकायचं जाळं होतं. पाण्यात चटकन बुडावं म्हणून त्याच्या कडेला सगळीकडून करडे मणी ओवलेले होते. मी एक नखानं खरवडला. आतून चकचकीत.

"चुरी!" मी ओरडले. "शिसं! इथे भिंतीवर लटकलंय!"

रमणनं बापाकडे बघितलं. जाळं बाबांचं होतं. बंधाऱ्यावर ते अजून मासे धरतात. जाळ्याचा मणी काढणं म्हणजे काय हे मला कळत होतं, म्हणून मी ओशाळून म्हणाले, "बाबा, राहू द्या. चालतं जाळं आहे."

बाबा उठले, घरात गेले आणि एक फाटकं जाळं घेऊन आले. "ह्याच्यातनं काढा. ह्ये आता मासं धरत नाय, ईमान धरल."

मग ओसरीवर आमचा कारखाना लागला. मण्यांचे सुरीनं तुकडे केले, हातोडीनं चपटे केले, नाकातल्या सांदीकोपऱ्यात पुट्टीनं बसवले. धडाचे अर्धे मी चिकटपट्टीनं बांधले, चुरींनी पंख लावले. पुढचं चाक जमिनीवर ठेवलं होतं, ते कोंबडीनं दाणा समजून उचललं आणि ती पळाली. साताऱ्यात असं झालं असतं तर मी आठवडाभर सुतकात असते. रमण म्हणाला, "थांबा, दुसरं पाडतो." मशीनशेजारी बसून किट जोडण्यासारखं सुख नाही.

सारवलेली जमीन आमच्या कामाला सपाट नव्हती. म्हणून जेवणाचं ताट पालथं घातलं. चुरींनी विमान उचललं, पण ठेवेनात.

"तुम्ही ठेवा ताई."

मी ठेवलं. बोट काढलं. नाक वर गेलं आणि शेपटी ताटाला टेकली.

चुरींचा चेहरा बघवेना. मला आठवली ती अंगणातली पेट्यांची थप्पी. पण एक गोष्ट माझ्या बोटांना जाणवली होती. काल विमान धपकन बसलं होतं. आज ते विचार करून बसलं.

"दाराच्या पुढे, पायाशी थोडी जागा आहे," मी म्हणाले. "वैमानिकाचे पाय बाहेरून दिसत नाहीत. त्याला काय करायचेत पाय?"

चिकटपट्टी सोडली. चुरींनी आणखी एक मणी चेचून वैमानिकाच्या पायांच्या जागी बसवला. परत बांधलं. परत ठेवलं. बोट काढलं.

नाक हललं, आणि खालीच राहिलं. तीन चाकं, आडवं, सरळ, आता निघेल की काय असं. बाबांनी ताटाला बोटानं टिचकी मारली. ताट वाजलं, विमान थरथरलं आणि उभंच राहिलं.

"बेस," बाबा म्हणाले.

चुरी ओसरीच्या खांबाला टेकून खाली बसले आणि चष्मा काढून पुसत राहिले. रमणनं मशीन बंद केलं. मला इतकं हलकं वाटलं की मी चटणी मागितली, नुसतीच, भाकरीशिवाय. साचा बरोबर होता. चाकं जागेवर होती. या माणसानं काही चुकीचं केलं नव्हतं, एक मणी तेवढा राहिला होता.

परत डहाणू रोड, सोमवार

सकाळी चुरी डाय घेऊन हार्डनिंगला गेले. जाताना ती त्यांनी गोणपाटात अशी गुंडाळली होती की कोणाला वाटावं आजाऱ्याला दवाखान्यात नेतायत. मला स्टेशनवर सोडायला वहिनी आल्या, रिक्षातून, मांडीवर चिकूची पिशवी घेऊन. आदल्या संध्याकाळी त्यांना निकाल कळला होता. त्या "बरं झालं" एवढंच म्हणाल्या होत्या आणि भात लावायला आत गेल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नव्हतं, आणि ते मला खात होतं.

फलाटावर बाकावर बसल्यावर त्यांनी विषय काढला.

"ताई, आता इथे हे नाहीत. सांगा. खरंच चांगलं आहे? की झरीला सगळ्यांना आनंद झाला म्हणून?"

मी तोंड उघडलं ते स्तुती करायला, आणि थांबले. हे घर स्तुतीला कंटाळलेलं होतं.

"काच जाड आहे," मी म्हणाले. "आतला वैमानिक पाण्यात बुडाल्यासारखा दिसतो. रिबिटं फार आहेत, मी ते लिहिणार म्हणजे लिहिणार. उजव्या चाकाच्या झाकणाला फट पडते, तिथे पुट्टी लागते. पंख्याची पाती जरा बोथट आहेत. आणि नाकात शिसं घाला हे कागदावर पहिल्या ओळीत छापलं नाही, तर विकत घेणारा प्रत्येक जण आमच्यासारखाच गाढव ठरेल."

वहिनी ऐकत होत्या. मला वाटलं होतं चेहरा पडेल. पण प्रत्येक चुकीसरशी त्यांचे खांदे थोडे थोडे खाली येत होते, डोक्यावरचा भारा उतरवत असल्यासारखे.

"आणि बाकी?" त्यांनी विचारलं.

"बाकी मी इतकी वर्षं किट जोडतेय. स्वतःच्या पैशानं मी आणखी दोन घेईन."

त्यांनी पदरानं डोळे टिपले, अगदी उघडपणे. "एवढ्या चुका आजवर कुणी सांगितल्या नव्हत्या," त्या म्हणाल्या. "आता विश्वास बसला."

गाडी आली. त्यांनी चिकूची पिशवी माझ्या हातात दिली, दाबू नका, खालचे पिकलेत म्हणाल्या. मी खिडकीशी बसले. बाहेर त्या फोन कानाला लावून उभ्या होत्या. वाडीवरच्या कोणा गड्याशी मोठ्यानं बोलत होत्या, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"हां, त्या पेट्या. कापड काढ. शेडमध्ये नाय रे, शेडमध्ये नको. मागच्या पडवीत लाव. हो, सगळ्या. आता तिथंच राहतील."